नागोबाचे मानकरी

रोममध्ये पोपमहोदयांच्या दरबारात काही मान शतकानुशतके पिढीजात चालत आले होते. कोलोन्ना घराण्याचा प्रमुख पोपच्या सिंहासनाशेजारी उभा राही. नव्या पोपची निवड चालू असता बंद महालाच्या दारावर पहारा ठेवण्याचा अधिकार 1712 पासून चिगी घराण्याकडे होता. ही माणसे धर्मगुरू नव्हती. प्रपंची गृहस्थ होती. 1968 साली पोप सहावे पॉल यांनी दरबाराची पुनर्रचना केली व अशी अनेक पदे रद्द केली. कारण सरळ होते: पदे उरली होती, त्यांमागचे काम उरले नव्हते.

आपल्याकडे अशांना मानकरी म्हणतात. आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे नागोबाचे स्थान आहे. तो गोंडांच्या मेसराम कुळाचा देव. पौष अमावास्येच्या महापूजेसाठी या कुळातील मंडळी दूर पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. पूजेची मडकी सिरिकोंडा येथील एका कुंभार घराण्यानेच घडवावयाची. पूजाविधी कुळाच्या कटोड्याने करावयाचे. कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी ओळख करून देतात. त्या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. त्यातील भेट मराठी कानाला सहज ओळखू येते.

या मानकऱ्यांत परधानाचे स्थान आगळे आहे. प्रत्येक परधान घराण्याची यजमान गोंड घराणी ठरलेली असत. देवकार्यात व उत्तरकार्यात परधानाने किकरी वाजवून कुळाची उत्पत्तिकथा गावयाची आणि मोबदल्यात यजमानाने धान्य द्यावयाचे, अशी रीत होती. गाणे गोंडीत, पुष्कळ परधानांची घरची भाषा मात्र मराठी. गोंडांचा प्राचीन वृत्तान्त कागदावर नव्हता. तो परधानाच्या कंठात होता. हायमेनडॉर्फ या पंडिताने 1940 नंतर या भागात राहून अशा कथा टिपून घेतल्या व 1948 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या.

आणि तरीही गोंड समाज परधानाला आपल्याहून खालच्या पायरीचा मानी. ज्याच्यावाचून देवकार्य पुरे होत नसे, त्याला पंगतीत बरोबरीचे स्थान नव्हते. पोपच्या दरबारातील मानकरी जन्माने उमराव होते. परधानाजवळ केवळ विद्या होती.

विसाव्या शतकात बाहेरून आलेल्या लोकांच्या हाती अनेक गोंडांच्या जमिनी गेल्या. यजमानाचे शेत गेले, तशी परधानाच्या वाट्याची रासही आटली. रोममध्ये काम संपले म्हणून पदे काढावी लागली. येथे काम शिल्लक आहे, पण त्यावर पोट भरत नाही. अशा वेळी बापाने मुलाच्या हाती किकरी द्यावी की पाटी, हा प्रश्न सोपा नाही. आणि मुलाने पाटी घेतली तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र बापाच्या कंठातील कथा त्याच पाटीवर उतरली, तर मान गेला तरी विद्या राहील.