ऑनलाइन पैसे गेले? परत मिळवायला आधी हे करा

मनवेलपाडा (विरार) : पैसे गेल्यावर ठगालाच फोन लावत बसू नका. तो रक्कम खात्याखात्यांतून फिरवून काढून घेतो. त्याआधी अडवली तरच ती परत मिळायची आशा.

1) लगेच 1930 वर फोन करा. फोन लागला नाही तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

2) बँकेला कळवून यूपीआय, कार्ड बंद करा. लेखी तक्रारीची पोच घ्या.

3) व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, मेसेज, स्क्रीनशॉट जपा. काही डिलीट करू नका.

4) पोलिसांत जा. वसई-विरारकरांसाठी मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. जव्हार, डहाणूकडच्यांसाठी पालघर जिल्हा पोलीस.

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान बँकेचं. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजू नका, उशीर करू नका.

ठगाच्या खात्यात गोठवलेली रक्कम बहुतेक वेळा कोर्टाच्या आदेशाने सुटते. पोलिसांकडे पाठपुरावा ठेवा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

"फी भरा, पैसे काढून देतो" म्हणणारा दुसरा ठगच समजा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, घरात सगळ्यांना सांगून ठेवा.