वाचनालयातून बाहेर राहिलेले हत्यार

न्यूयॉर्क राज्यातल्या फेएटव्हिल या लहान गावच्या सार्वजनिक वाचनालयाने 2011 च्या सुमारास पुस्तकांच्या शेजारी हातकामाची खोली उघडली. 2018 मध्ये हेलसिंकीत उभ्या राहिलेल्या ऊडी ग्रंथालयात शिलाई यंत्रे आणि थ्री-डी प्रिंटर कोणाही नागरिकाला वापरता येतात. अशा खोलीला मेकरस्पेस म्हणतात. अकोला-अमरावतीत असे काही असावे असे म्हटले, की हे परदेशी खूळ आहे, वाचनालय वाचण्यासाठीच असते, असे उत्तर येऊ शकते. पण इतिहास तपासला तर हे उत्तर टिकत नाही. ग्रंथ आणि हत्यार एका छपराखाली ठेवण्याची कल्पना आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वी आली होती. पुढे ती अर्धवट सोडून दिली गेली.

मुंबईत 1847 साली टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या तरुण कारागिरांनी व फोरमननी एक संस्था काढली. यंत्रांचे नमुने आणि वास्तूंचे आराखडे यांचे संग्रहालय व त्याला जोडून ग्रंथालय, असा तिचा हेतू होता. नावही मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट असेच होते. काळा घोड्याजवळ आज उभे असलेले डेव्हिड ससून ग्रंथालय ते हेच. काळाच्या ओघात नावातले ‘मेकॅनिक्स’ गळाले, ‘वाचनकक्ष’ राहिला. बडोद्यात सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढून कारागिरीचे शिक्षण दिले आणि 1910 पासून ग्रंथालयांचे जाळे विणले. त्या ग्रंथालय खात्यात चित्रे आणि पडद्यावरच्या दृश्यांतून शिकवणारी स्वतंत्र शाखा होती. म्हणजे वाचनालयाने फक्त कागदच द्यावा, असे तेव्हाच्या जाणत्यांना वाटत नव्हते.

अकोला-अमरावतीच्या वऱ्हाडाची गोष्ट वेगळी झाली, आणि तिचे कारण कापसात आहे. 1853 मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवीच्या काळात इथल्या रुईचे भाव चढले, आणि 1867 मध्ये अकोला, बडनेरामार्गे रेल्वे नागपूरला पोहोचली. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांबरोबर बॉयलर, बेल्ट, सरकी काढणारी यंत्रे आली आणि ती दुरुस्त करणारे हातही आले. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय आणि अमरावतीचे नगर वाचनालय ही एकोणिसाव्या शतकातलीच. पण त्या काळच्या वाचनालयांचा मुख्य वाचक होता वकील, मास्तर आणि कचेरीतला कारकून. कारखान्यातल्या फिटरला तिथल्या वर्तमानपत्राच्या टेबलाशी जागा नव्हती. एकाच गावात आलेल्या या दोन नव्या गोष्टींची, वाफेच्या यंत्राची आणि वाचनकक्षाची, गाठ पडली नाही. मुंबईची संस्था कारागिरांनी काढली होती, म्हणून तिच्यात यंत्रांचे नमुने होते. संस्था कोणाच्या हातची, यावर तिच्या कपाटात काय राहणार हे ठरले.

याहून खोल कारण बलुतेदारीत आहे. तिफण, वखर, डवरे घडवण्याची विद्या सुताराच्या आणि लोहाराच्या घरात होती, आणि ती जन्माने मिळत होती. वाकस कसा धरायचा, हे बापाकडून मुलाकडे जाई, मुलीकडे सहसा जात नसे. वाचनालयाने अक्षर तरी सर्वांसाठी खुले करण्याचे वचन दिले, आणि हळूहळू काही अंशी ते पाळले. हत्याराला ते वचन कोणी दिलेच नाही. नागपूरहून निघणारे ‘उद्यम’ मासिक साबण, शाई यांसारख्या वस्तू घरी बनवण्याच्या कृती मराठीत छापत असे. असे मासिक वाचनालयात वाचणाऱ्याला कृती मिळाली. ती करून पाहायला जागा आणि साधने मात्र त्याने स्वतःच शोधायची होती. मला हे नुकसान मोठे वाटते. वाचून कळलेले हाताखाली येईपर्यंत ते अपुरेच असते.

हातकाम शिकवायला आयटीआय आणि पॉलिटेक्निक आहेत, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. तिथे प्रवेश, पात्रता आणि प्रमाणपत्राची अट असते. 2016 पासूनच्या अटल टिंकरिंग लॅब चांगल्या आहेत, पण त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेच्या फाटकाआड. निवृत्त पोस्टमन, शिवणकाम जाणणारी गृहिणी, पंप दुरुस्त करू पाहणारा शेतकरी यांना विनाअट आत घेणारी संस्था गावात एकच असते, ती वाचनालय. आवाजाने वाचकांना त्रास होईल, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याला वेगळी खोली आणि ठरावीक वेळ हेच उत्तर. पैशांचा आक्षेप सर्वात जड. आमच्या वाचनालयांना कर्मचाऱ्यांच्या मानधनालाही पैसे पुरत नाहीत, तिथे प्रिंटर कुठून आणायचा? पण सुरुवात प्रिंटरने करायची गरज नाही. दोन शिलाई यंत्रे, एक ड्रिल, एक मल्टिमीटर, रंधा, पटाशी आणि संध्याकाळी दोन तास बसणारा एक जाणकार मिस्त्री एवढ्याने खोली चालू होते. खेड्यात हे जमणार नाही, असेही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब, म्हणजे सर्वांसाठी खुल्या कार्यशाळेची कल्पना 2002 मध्ये भारतात पहिल्यांदा तिथेच रुजली, ती मोठ्या शहरात नव्हे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. अनुदानासाठी ग्रंथालयाचा अ, ब, क, ड दर्जा ठरवताना पुस्तके, नियतकालिके आणि सभासद मोजले जातात. त्या मोजणीत हत्यारांचा एक रकाना घालावा, ही मागणी अकोला आणि अमरावतीच्या वाचनालयांनीच आधी करावी.