नाशिकचें जुनें अरण्य

नाशिककरास दंडकारण्याचा अभिमान मोठा. परंतु तें अरण्य गेलें कोठें, ही चौकशी तो क्वचितच करतो. पंचवटींतले वड आपण पाहुण्यांस भक्तिभावानें दाखवितों, आणि अरण्य मात्र पुराणांत ठेवून देतों.

इतिहासकाळांतलें अरण्य पश्चिमेस, पेठ-सुरगाण्याकडे आणि त्याला लागून असलेल्या डांगांत होतें. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेलें, १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें सागवानी जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे. त्याचा साग मलबारचा. पण लाकडाची भूक मलबारापुरती राहिली नाहीं. १८४२ च्या सुमारास कंपनी सरकारनें डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलें पट्ट्यानें घेतलीं. १८४७ त डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. हे गृहस्थ मूळचे वैद्य. डोंगर उघडे पडले कीं झरे आटतात, हें कोंकणांतील अनुभवावरून त्यांनीं सरकारास बजावलें होतें. सरकारानें पदवी दिली. इशारा कितपत मानला हें निराळें! १८६५ त थळघाटांतून आगगाडी वर चढली, आणि रुळांखालीं घालावयास लाकूड हवें झालें.

१८७८ हें वर्ष विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं पेठच्या बेगमेच्या निधनानंतर तें संस्थान खालसा झालें, आणि त्याच वर्षीं जंगलाचा कायदा झाला. रान ‘राखीव’ झालें तें सरकारासाठीं. कोकणा व महादेव कोळी यांचे पिढीजात हक्क सवलती ठरले. कायद्यानें तोडीला शिस्त लागली, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण सरकारी वहींत झाड म्हणजे इतके घनफूट लाकूड. आणि पोकळ, वांकडें, वठलेलें झाड त्या वहींत निरुपयोगी. धनेश पक्ष्याची मादी मात्र अशाच जुन्या खोडाच्या ढोलींत स्वतःस कोंडून घेऊन अंडीं उबविते. पडलेलें खोड कुजून माती होते, ती माती पावसाचें पाणी धरते, आणि तेंच पाणी उन्हाळ्यांत झऱ्यास येतें.

हें ज्ञान देवराईंत टिकलें. देवाच्या भयानें फांदीही न तोडलेलीं तीं राने डॉ. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत अभ्यासून विद्वानांपुढें मांडलीं. गांवकऱ्यांस त्यांत नवें कांहींच नव्हतें.

२०२५ च्या नोव्हेंबरांत सिंहस्थाच्या साधुग्रामासाठीं तपोवनांतील सुमारे १८०० झाडांचा प्रश्न निघाला, तेव्हां नाशिककर रस्त्यावर आले आणि प्रकरण न्यायासनापर्यंत गेलें. तपोवन हें आदिम अरण्य नव्हे. त्यांतलीं कित्येक झाडें अलीकडचीं आहेत. तरीही एका झाडाच्या बदल्यात अन्यत्र दहा रोपें, हा जो हिशेब तेथें ऐकूं आला, तो मला त्या जुन्या सरकारी वहींतलाच वाटला. ‘ट्रिंकोमाली’ची फळी दोनशें वर्षें टिकली. तेवढ्या वयाचा उभा साग पेठेंत पाहावयाचा तर आज वाट विचारीत जावें लागेल.