आमचे शेजारी दंतवैद्य : एक कृतज्ञ स्मरण

ज्युबिलीच्या अंकात धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे येऊन गेलेल्या धर्मगुरूंची नावे, धर्मभगिनींची सेवा, प्रचारकांचे परिश्रम व देवळाच्या बांधकामाची हकीकत ह्यांस प्रथम स्थान मिळते, आणि ते योग्यच होय. परंतु बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या वा दफनाच्या कोणत्याही नोंदवहीत ज्यांचे नाव आढळावयाचे नाही, अशा एका शेजाऱ्याचे केदारखेड्याच्या ख्रिस्ती कुटुंबांवर मोठे ऋण आहे. ते ख्रिस्ती नव्हते. व्यवसायाने दंतवैद्य. आता ते ह्या जगात नाहीत. लहानथोर सारे त्यांस ‘दातांचे डॉक्टर’ एवढेच म्हणत. येथेही तेच नाव आम्ही ठेवितो.

दातांच्या दुखण्याशी पवित्र ख्रिस्तसभेचा संबंध फार जुना आहे. इ. स. 249 च्या सुमारास अलेक्झांड्रिया नगरात मूर्तिपूजकांच्या जमावाने ख्रिस्ती लोकांवर हल्ला केला. त्यात अपोलोनिया नामक वयोवृद्ध कुमारिकेच्या तोंडावर प्रहार करून तिचे सारे दात पाडण्यात आले. श्रद्धा सोड, नाही तर जिवंत जाळू, अशी धमकी मिळताच तिने आपण होऊन अग्नीत उडी घेतली. ही हकीकत त्याच नगराचे बिशप दियोनिसियस ह्यांनी पत्रात लिहिली व इतिहासकार युसेबियस ह्यांनी ती जतन केली. तेव्हापासून दातदुखीने त्रासलेले भाविक तिचा धावा करीत आले. चित्रकार तिच्या हाती चिमट्यात धरलेला दात दाखवितात. तिचा सण 9 फेब्रुवारी रोजी येतो.

धावा करण्यावाचून गरिबांस दुसरा उपायही फारसा नव्हता. दात काढावयाचा तो न्हाव्याने, वैदूने, नाही तर बाजारात पथारी टाकून बसणाऱ्या एखाद्या धीट माणसाने. पॅरिसच्या पिएर फोशार्ड ह्यांनी 1728 मध्ये ह्या विद्येवर शास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि 1840 मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे दंतवैद्यकाचे महाविद्यालय निघाले. हॉरेस वेल्स ह्या दंतवैद्याने 1844 मध्ये गुंगी आणणारा वायू हुंगून स्वतःचाच दात काढवून घेतला. इतरांच्या वेदना हरण करण्यापूर्वी त्याने तो उपाय स्वतःवर करून पाहिला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या देशात ही विद्या रुजविण्याचा मान डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांचा. त्यांचा जन्म 24 डिसेंबर 1890 रोजी पूर्व बंगालात झाला. अमेरिकेत शिक्षण घेऊन व बोस्टन येथे मुलांच्या दंतचिकित्सालयात अनुभव मिळवून ते परतले आणि 1920 मध्ये त्यांनी कलकत्त्यास दंत महाविद्यालय काढले. त्याच्या खर्चाकरिता त्यांनी सरबत-सोड्याचे दुकान चालविले! पुढे 1949 मध्ये ती संस्था त्यांनी सरकारच्या स्वाधीन केली. दंतवैद्यांविषयीचा कायदा 1948 च्या मार्चमध्ये झाला, त्यामागेही त्यांचे परिश्रम होते. नाताळच्या पूर्वदिनी जन्मलेला हा मुसलमान सत्पुरुष 1965 साली 9 फेब्रुवारी रोजी, म्हणजे संत अपोलोनियेच्या सणादिवशीच, निवर्तला. असा योग जुळून आला, ह्याचा आम्हांस मोठा आनंद वाटतो.

तो कायदा झाला तेव्हा मराठवाडा अद्याप निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी तो मुक्त झाला. परंतु आमच्या लोकांच्या दृष्टीने त्याहूनही खोल अशी एक बेडी होती. मराठवाड्यातील बहुतेक ख्रिस्ती घराणी ज्या जातींतून आली, त्यांच्या आज्यापणज्यांस सार्वजनिक विहिरीस हात लावू देत नसत. त्यांस पाणी वरून ओतत आणि जिन्नस दुरून टाकीत. अस्पृश्यता भारताच्या राज्यघटनेने रद्द केली. ती घटना 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आली. तथापि मनातला विटाळ एका दिवसात जात नाही.

आता दंतवैद्याचे काम पाहा. नाडी एकवेळ कापडावरून पाहता येईल, गोळी दुरून देता येईल. दात मात्र दुरून काढता येत नाही. रोग्याच्या तोंडात हात घालावा लागतो, त्याची लाळ व रक्त पुसावे लागते. आमच्या वस्तीतील म्हाताऱ्या बाया दातांच्या डॉक्टरांकडे प्रथम गेल्या, तेव्हा खुर्चीवर बसावयासही संकोचत. त्यांनी ‘आई, आ करा’ म्हणून हनुवटीस हात लावला की तो संकोच विरून जाई. त्यांनी समतेवर व्याख्यान कधी दिले नाही. त्यांच्या हाताने जे केले, ते पुष्कळ व्याख्यानांनी होत नाही.

मिसरीशी मात्र त्यांचे हाडवैर होते. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दात स्वच्छ करते, ही समजूत घरोघर होती व अद्यापि आहे. तरुणांत गुटखा शिरला. महाराष्ट्रात 2012 साली त्यावर बंदी आली, परंतु व्यसन सुटले नाही. डॉक्टर अशा पोरास थांबवून तोंड उघडावयास सांगत. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावत नसतील, साधे तिखट झोंबत असेल, गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, तर सुपारी-तंबाखू त्याच दिवशी सोडावी आणि मोठ्या रुग्णालयात तपासणी करवून घ्यावी, असे ते बजावीत. दुखत नाही म्हणून थांबू नका, कर्करोग आरंभी दुखत नाही, हे त्यांचे नेहमीचे सांगणे असे.

‘माझा शेजारी कोण?’ ह्या प्रश्नास प्रभूने शोमरोनी मनुष्याच्या दृष्टान्ताने उत्तर दिले. तो शोमरोनीही परक्या पंथाचा होता, आणि जखमेस हात त्यानेच लावला. दातांच्या डॉक्टरांच्या अंत्ययात्रेत आमच्या वस्तीतील माणसांनी खांदा दिला. पूर्वी ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्यांच्या नातवंडांचे ते खांदे होते. त्यांच्या कुटुंबीयांनी तो मान आम्हांस दिला, हे ह्या धर्मग्रामाच्या इतिहासात लिहून ठेवावे इतके मोठे आहे.

प्रिय भाविकहो, दरवर्षी 9 फेब्रुवारीस मिस्सामध्ये त्यांचे स्मरण करू या. त्याच आठवड्यात प्रत्येक घराने मिसरीची डबी व गुटख्याची पुडी घराबाहेर टाकावी आणि मुलाबाळांचे दात तपासून घ्यावेत. त्यांस आवडले असते असे स्मारक हेच होय. दयाघन परमेश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो.