लेण्याद्रीचा गिलावा

लेण्याद्रीला ज्या दालनात आपण गिरिजात्मजाचे दर्शन घेतो, तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. आत एकही खांब नाही. तेथील गिलावा व चित्रे मात्र विहाराचे देऊळ झाल्यानंतरची. मग मूळ पाषाण दिसावा म्हणून ती खरवडावीत काय? माझ्या मते मुळीच नाही, तोही इतिहासच. पण जपण्याच्या उत्साहालाही आवर हवा. अजिंठ्यास निजाम सरकारने १९२०-२२ च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ आणले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा धरवला, हे उपकारच. परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले आणि ते उतरविणे नव्या पिढ्यांच्या माथी आले. छताचा गिलावा तर एकदा सुटला की स्वतःच्याच भाराने खाली येतो. पोकळ वाजणाऱ्या भागाला आधी टेकू द्यावा. चुन्याच्या गिलाव्याला चुनाच भरावा. सिमेंट फार कठीण पडते, शिवाय त्यातले क्षार रंगावर फुटतात.