आणीबाणीचे स्थानिक चलन

आणीबाणीचे स्थानिक चलन : अधिकृत नाणी व्यवहारातून नाहीशी झाली असता नगरपरिषदा, सहकारी संस्था इत्यादींनी आपल्या हद्दीपुरते काढलेले अल्प मूल्याचे कागदी चलन. स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६–३९) त्याचा फार मोठा प्रसार झाला.

जुलै १९३६ मध्ये युद्धास तोंड लागताच प्रजासत्ताकाच्या ताब्यातील प्रदेशात लोकांनी चांदीची पेसेटा नाणी दडवून ठेवली. ग्रेशॅमच्या सिद्धांतानुसार हे अपेक्षितच होते. परंतु पाठोपाठ तांब्याची नाणीही दिसेनाशी झाली. सरकारने ५ व १० पेसेटांची रौप्य प्रमाणपत्रे प्रसृत केली. तथापि पाव घेणाऱ्यास हवी होती ती काही सेंटिमोंची मोड. अखेर गावोगावच्या नगरपरिषदांनी ती स्वतःच छापली. एकट्या कॅटालोनियात अशी गावे कित्येक शेकडा होती.

या नोटा मिळेल त्या कागदावर वा पुठ्ठ्यावर छापीत. त्यांवर मूल्य, गावाचे नाव, अनुक्रमांक, पदाधिकाऱ्यांच्या सह्या आणि परिषदेचा शिक्का असे. सही करणारा माणूस गावाच्या ओळखीचा होता, हेच त्यांचे खरे तारण म्हणावे लागेल. त्यामुळेच शिवेपलीकडे त्या सहसा चालत नसत आणि शेजारच्या बाजारास गेलेल्या शेतकऱ्याची अडचण होई. जानेवारी १९३८ च्या हुकुमान्वये सरकारने स्थानिक चलनास बंदी केली व ते परत घेण्यास फर्माविले. पुढे पुठ्ठ्याच्या चकत्यांवर टपाल तिकिटे चिकटवून त्यांचा सुट्या पैशांसारखा उपयोग करण्यात आला.

फ्रँकोच्या बर्गोस येथील राजवटीने युद्धारंभानंतरच्या प्रजासत्ताकी नोटा अमान्य ठरविल्या होत्या. १९३९ मध्ये तिचा विजय होताच ज्यांच्याजवळ असे चलन होते त्यांची बचत बुडाली. नाणी दडविणाऱ्यांजवळ निदान चांदी उरली. नोटांवर विश्वास ठेवणाऱ्यांजवळ केवळ कागद राहिला.

भारतात यादवी नसली, तरी दुसऱ्या महायुद्धकाळात मोडीची अशीच टंचाई भासली. गरजेपेक्षा अधिक नाणी साठविणे १९४० मध्ये गुन्हा ठरविण्यात आले. मोरवी, जुनागढ, बुंदी इ. संस्थानांनी मोडीऐवजी छोटी छापील कुपने काढली. ब्रिटिश हिंदुस्थानात १९४३ पासून, धातू वाचावा म्हणून, मधोमध भोक असलेला पैसा पाडण्यात आला. मुंबईच्या टाकसाळीतही तो पाडीत. जुन्या पिढीस तो ‘भोकाचा पैसा’ म्हणून परिचित होता.