हस्ताचा पाऊस आणि पूर्वेचीं वादळें

जालन्याकडील शेतकऱ्याची दृष्टि मृगांत पश्चिमेकडे असते. हस्तांत ती पूर्वेकडे वळते. भोकरदन, अंबड, परतूर या भागांत पश्चिमेचा वारा पोंचतो तो आपलें बरेंचसें पाणी सह्याद्रीवर टाकून. श्रावण कोरडा गेला तरी रब्बीच्या ज्वारीची आशा सुटत नाहीं, ती भाद्रपद-आश्विनांतील पावसामुळें. आणि हा पाऊस पुष्कळदां बंगालच्या उपसागरांतून येतो.

मग भर पावसाळ्यांत त्या उपसागरांत मोठीं चक्रीवादळें क्वचितच कां होतात? समुद्र ऊन असतो, हवा ओली असते. आड येतो तो वाराच. खालीं नैर्ऋत्येचा वारा जोरानें वाहतो, तर सुमारें पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा वेगवान प्रवाह असतो. या वरच्या प्रवाहाचें विवेचन पी. कोटेश्वरम् यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलें. बुंधा एकीकडे आणि शेंडा दुसरीकडे ओढला गेला म्हणजे वादळ उभें राहत नाहीं. कमी दाबाचें साधें क्षेत्र होऊन तें जमिनीवर चढतें. मोसमी वारा जोरांत असला कीं तोच वादळाला आवरतो, आणि ढिला पडला कीं आवर सुटतो. म्हणून वादळें येतात तीं बहुधा पावसाळ्याच्या आधीं नाहींतर त्याच्या अखेरीस.

अवर्षण आणि वादळ यांचा इतिहास असा एकत्र गुंफलेला आहे. १८६४ सालीं कलकत्त्यावर भयंकर वादळ आलें, पुढें १८६६ व १८७१ सालीं पाऊस रुसला. त्यानंतर १८७५ सालीं हिंदुस्थानांत हवामानखातें स्थापन झालें. जालना त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्याच्या राजधानींत, हैदराबादेंत, २८ सप्टेंबर १९०८ रोजीं उपसागराकडून आलेल्या वादळी पावसानें मुसी नदीला पूर आला आणि हजारों माणसें बुडालीं. पुढें विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेण्यांत आला, व नदीवर उस्मानसागराचा बांध झाला.

सूर्य हस्तांत येतो तो याच सुमारास. पंचांगांत नक्षत्राचें वाहन हत्ती कीं बेडूक हें दिलेलें असतें, उपसागराचें मात्र कांहीं नसतें!

२०२१ सालीं याचा पुन्हा प्रत्यय आला. ऑगस्टांत देशाचा पाऊस सरासरीहून २४ टक्क्यांनीं उणा होता. सप्टेंबरांत तो ३५ टक्क्यांनीं अधिक झाला. एरव्हीं १७ सप्टेंबरच्या सुमारास वायव्येकडून परतूं लागणारा मोसमी वारा त्या वर्षीं ६ ऑक्टोबरपर्यंत हलला नाहीं. २६ सप्टेंबर रोजीं 'गुलाब' नांवाचें वादळ आंध्राच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणजवळ चढलें. जमिनीवर येतांच वादळ एरव्हीं निमतें. पण देशावर ओलावा अजून भरून होता, त्यामुळें त्याचा अवशेष तेलंगण ओलांडून मराठवाड्यावर आला. २७ व २८ तारखांस नद्यानाले फुगले. ऑगस्टांत जें सोयाबीन पाण्यावांचून माना टाकीत होतें, तेंच काढणीच्या तोंडावर पाण्यांत उभें राहिलें; फुटलेला कापूस भिजला. आणि तो अवशेष तेथेंच संपला नाहीं. गुजराथेवरून अरबी समुद्रांत उतरून त्यानें 'शाहीन' हें नवें नांव घेतलें, व ३ ऑक्टोबर रोजीं तें वादळ ओमानच्या किनाऱ्यावर आदळलें.